पट्टा गळ्यात नको: खोकणाऱ्या लहान कुत्र्यांसाठीच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

९ जानेवारी

आजपासून ही वही. लहान जातीचं कुत्रं खोकत दवाखान्यात आलं की मालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, घशात हाड अडकलंय बगा." तोंड उघडून पाहावं तर घसा मोकळा. खोकला कोरडा, कर्कश, हंस ओरडावा तसा. शेवटी ओकारी काढल्यासारखं करतं आणि थोडा पांढरा फेस पडतो. दाराची बेल वाजली, पाहुणे आले, साखळी ओढली गेली, घाईघाईने पाणी प्यालं की लगेच सुरू. जात बहुधा पॉमेरियन, कधी पग, शिह त्झू, ल्हासा, एखादा यॉर्कशायर टेरियर. वय सहा-सातच्या पुढे, अंगाने गुबगुबीत. गळ्यात पट्टा, पट्ट्याला लोखंडी साखळी, आणि नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा केसांत पार रुतलेला.

कुत्र्याच्या श्वासनलिकेत साधारण ३५ ते ४५ कूर्चेच्या कड्या असतात. त्या पाठीच्या बाजूला उघड्या असतात आणि ती फट स्नायूच्या पातळ पडद्याने बंद झालेली असते. या खोकल्यामागे बहुधा श्वासनलिका दबण्याचा आजार (ट्रॅकिअल कोलॅप्स) असतो. त्यात कूर्चेतलं पाणी धरून ठेवणारं द्रव्य कमी होतं, कड्या मऊ पडतात, पसरट होतात आणि वरचा पडदा आत लोंबतो. विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाइप ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच समजतं: आतली कडी गेली की मोटार चालू करताच पाइप चपटा होतो. बंद असताना मात्र तोच पाइप नीट दिसतो. ग्रामीण भागातून येणाऱ्या मालकांना मी आता असंच सांगते.

या कड्या पुन्हा टणक करणारं औषध नाही. नळी दाबली जाऊ नये, ओढली जाऊ नये, तिच्यातून जोरात हवा ओढायची वेळ येऊ नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे आणि ते बरंच आहे. ठरवलंय ते असं: उन्हाळ्याआधी अशा प्रत्येक घराला मापाने शिवलेला छातीचा पट्टा द्यायचा, खाणं वजन करून ठरवून द्यायचं, उन्हाचं वेळापत्रक लिहून द्यायचं आणि खोकल्याची नोंद ठेवायला एक पान द्यायचं.

१६ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, होम मैदानावरचं दारूकाम. त्या आवाजाने घाबरून खोकत सुटलेली दोन कुत्री आज सकाळी आली. भीती, आनंद, चिडचिड, या खोकल्याला सगळं सारखंच.

पण प्रत्येक खोकला म्हणजे श्वासनलिकेचाच आजार असं धरून चालत नाही. केनेल कफ (एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा खोकला) असू शकतो, जुनाट ब्राँकायटिस (श्वासवाहिन्यांची सूज) असू शकतो. आणि लहान जातींत म्हातारपणी हृदयाची झडप गळू लागते, डावा कप्पा मोठा होऊन खालून डाव्या श्वासवाहिनीला दाबतो, त्यानेही खोकला येतो. एकाच कुत्र्यात हे दोन्ही आजार असलेले मी बरेचदा पाहते. म्हणून आधी स्टेथोस्कोप, मग एक्स-रे. मालकांना घरी एक काम देते: कुत्रं गाढ झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजा. तिसाच्या वर जाऊ लागले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता या.

एक्स-रे आडव्या कुशीवर, मान आणि छाती दोन्ही घेऊन, एक श्वास आत घेताना आणि एक सोडताना. मानेतला भाग श्वास घेताना दबतो, छातीतला सोडताना. भलत्या क्षणी काढलेली फिल्म अगदी नीट दिसते, म्हणून चांगल्या फिल्मवरून आजार नाही असं मी कुणाला सांगत नाही. हलतं चित्र दाखवणारी फ्लुरोस्कोपी किंवा दुर्बीण आमच्याकडे नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं. पोकळी चतुर्थांशाने कमी झाली तर पहिली पायरी, निम्म्याने दुसरी, तीन चतुर्थांशाने तिसरी, जवळजवळ बंद म्हणजे चौथी. पण पायरी आणि त्रास यांचं गणित नेहमी जुळत नाही. तिसऱ्या पायरीवरचं एखादं कुत्रं मजेत असतं आणि दुसरीवरचं रात्रभर घराला झोपू देत नाही.

धाप लागलेल्या कुत्र्याला एक्स-रेसाठी दाबून धरायचं नाही. आधी ऑक्सिजन, थोडं शांत करायचं औषध, मग टेबल. सहायकाला हे लिहून भिंतीवर लावायला सांगितलं.

२ फेब्रुवारी

शाळेची दप्तरं शिवणारे एक काका तयार झाले. त्यांना वाटलं होतं गळ्यातला पट्टाच जरा रुंद करून हवाय. सोबत चिंटू होता, जुळे सोलापुरातला पॉमेरियन, त्याच्यावरच माप दाखवलं.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हार्नेसमध्ये समोरची पट्टी आडवी असते. कुत्र्याने ओढलं की ती वर सरकून थेट गळ्यावर येते आणि मग गळ्यातला पट्टा काय नि हा काय, फरक उरत नाही. आपल्याला हवंय ते वेगळं: दोन्ही खांद्यांवरून आलेल्या पट्ट्या छातीच्या हाडावर एकत्र याव्यात, तिथून एक पट्टी पुढच्या पायांमधून पोटाखालच्या पट्ट्याला जाऊन मिळावी. साखळीची कडी पाठीवर. ताण सगळा छातीच्या हाडावर, गळा मोकळा. पोटाचा पट्टा काखेपासून दोन बोटं मागे, म्हणजे काख सोलत नाही. सगळीकडे आत दोन बोटं सरकतील एवढी ढील.

कापडाचा प्रश्न काकांनीच सोडवला. नायलॉनची पट्टी पॉमेरियनचे केस कापते, त्यात गाठी होतात. त्यांनी सुती नवार काढली. खाटेची नवार फार रुंद, म्हणून पाऊण इंचाची. "आधी भिजवून वाळवून मग कापू मॅडम, नायतर पहिल्याच धुण्याला आखडतंय." हे मला सुचलं नसतं.

माप घेताना केस ओल्या हाताने दाबून घ्यायचे. पॉमेरियनचं वरून घेतलेलं माप फसवं असतं, आतलं शरीर निम्मंच.

काळ्या दोऱ्याबद्दल चिंटूच्या घरच्या आजींशी बोलले. दोरा सोडा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, आणि का ऐकावं? जिवाला जपण्यासाठीच बांधलाय तो. मी म्हटलं, "आजी, नजर लागू नये म्हणून तो पाठीवरच्या कडीला बांधूया, गळ्याला नको." लगेच तयार. आता काका प्रत्येक पट्ट्याला त्यासाठी एक छोटी घडी शिवून देणार आहेत. मालकाचा फोन नंबर लिहिलेला बिल्लाही तिथेच. गळ्यात पट्टा नसला तर कुत्रं बेवारशी समजून उचलून नेतील ही भीती बऱ्याच घरांत आहे, ती बिल्ल्याने जाते.

१४ फेब्रुवारी

वजन. या सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त फळ देणारी आणि सर्वांत अवघड गोष्ट.

टायसन, होटगी रोडचा पग. काल अकरा किलो भरला, असायला हवा आठच्या आसपास. मानेभोवती आणि छातीत साठलेली चरबी नळीला बाहेरून दाबते, फुप्फुसाला फुगायला जागा देत नाही, आणि उन्हात अंग थंड होऊ देत नाही. वजन उतरलं की काही कुत्र्यांचा खोकला औषधाशिवायच अर्ध्यावर येतो.

हिशेब घरच्यांसमोर वहीत करून दाखवते, कारण आकडा पाहिल्याशिवाय पटत नाही. पाच किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत दिवसाला सुमारे २३५ कॅलरी लागतात, आणि वजन उतरवायचं असेल तर हव्या असलेल्या वजनासाठी लागणारं एवढंच द्यायचं. आता ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी घ्या, साधारण २०० कॅलरी. म्हणजे आपली एक भाकरी हा त्याचा जवळजवळ दिवसाचा सगळा आहार. एक ग्लुकोज बिस्किट २५ कॅलरीच्या आसपास, म्हणजे दिवसाचा दहावा हिस्सा. आजोबा चहाबरोबर चार देतात, नातू दोन, कामावरच्या मावशी जाताना एक. कुणीच जास्त देत नाही आणि कुत्रं फुगतं.

म्हणून घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवूनच बोलायचं, असा नियम केलाय. एकट्या मालकाला सांगून उपयोग नाही, खाऊ घालणारा हात बहुधा दुसराच असतो. दिवसाचं खाणं सकाळी एका डब्यात मोजून काढायचं. ज्याला लाड करायचेत त्याने त्या डब्यातूनच करावेत. वर काकडी, गाजर, उकडलेला दुधी चालेल. कांदा-लसूण नाही, म्हणून शेंगाचटणी लावलेली भाकरी नाही. द्राक्षं आणि बेदाणे तर एकही नाही. सध्या हंगाम आहे, घरोघरी पेट्या आहेत, आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते विष आहे.

आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं पाहिजे, त्याहून घाई नको. टायसनसाठी म्हणजे शंभर ते दोनशे ग्रॅम. मोजायला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. दुकानदार हसून का होईना, पण वजन करून देतात.

१ मार्च

राणी या खोकणाऱ्या कुत्रीच्या घरी गेले होते, पूर्व भागात. मागच्या खोलीत यंत्रमाग, टॉवेल निघतात. राणीचा खोकला औषधाने उतरतो आणि पुन्हा येतो, कारण माहीत करून घ्यायचं होतं. दार उघडताच कळलं: हवेत सुताची रुई तरंगतेय, उन्हाच्या तिरिपेत ती स्पष्ट दिसत होती. राणी मागाखालच्या गोणपाटावर झोपते.

घराच्या पोटापाण्याचा धंदा बंद करा असं कुणाला सांगता येत नाही, आणि सांगूही नये. जागा बदलता येते. राणीचं अंथरूण पुढच्या खोलीत, मधल्या दाराला ओला पडदा, माग चालू असताना तिला आत सोडायचं नाही. झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं. विड्या वळणाऱ्या घरांतही हेच सांगते, शिवाय तंबाखूचा चुरा कुत्र्याच्या तोंडात जाणार नाही एवढी उंच जागा. उदबत्ती देवघरात आणि खिडकी उघडी. डासांची कॉइल कुत्र्याच्या खोलीत नको, त्यापेक्षा मच्छरदाणी. होळीच्या संध्याकाळी कुत्रं आतल्या खोलीत.

राणीच्या घरातल्या वहिनींनी निघताना विचारलं, "आमाला पण खोकला असतोय की मॅडम, त्येला बी ओला पडदा चालंल का?" चालेल म्हटलं, आणि छातीच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या असंही सांगितलं. कुत्र्याच्या नाकाची काळजी करताना त्याच खोलीत उभ्या माणसाचं नाक विसरून चालणार नाही. हे या वहीत नाही बसत, तरी लिहून ठेवते.

२० मार्च

औषधांबद्दल. मालकांना बाटली हवी असते, म्हणून बाटलीचं काम कुठवर ते स्पष्ट लिहिते.

खोकल्याने नळीचं अस्तर सुजतं आणि सुजलेलं अस्तर पुन्हा खोकला आणतं. हे चक्र तोडायला खोकला दाबणारं औषध लागतं, पण छातीत संसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच. कफ आत कोंडायचा नसतो. सूज उतरवायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी आणि हळूहळू कमी करत. ते लांबलं की भूक वाढते, तहान वाढते, धाप वाढते, वजन चढतं, म्हणजे फेब्रुवारीत कमावलेलं एप्रिलमध्ये घालवायचं. ज्यांना स्टेरॉइड टाळताच येत नाही त्यांच्यासाठी स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) आणि लहान मास्क लावून श्वासातून देण्याचा मार्ग आहे. चिंटूला काकडी देत देत मास्कची सवय लावतोय. श्वासवाहिन्या रुंद करणारी औषधं मोठ्या नळीवर काम करत नाहीत, खालच्या बारीक वाहिन्यांवर करतात. ब्राँकायटिस सोबत असेल किंवा छातीतला भाग दबत असेल तर त्यांचा उपयोग होतो. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक, नसेल तर नाही.

माणसांचं कफ सिरप देऊ नका. यावर मी आवाज चढवून बोलते. सर्दीच्या मिश्रणांत फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन, पॅरासिटामॉल असू शकतं, साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं. चार किलोच्या जिवाला यातलं काहीही महागात पडतं. हळद-मधाचं चाटणही खोकत असताना तोंडात ओतायचं नाही, ते श्वासात जातं.

लोक विचारतात, बरं होईल का? १०० कुत्र्यांवरचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७१ टक्के कुत्री शस्त्रक्रियेशिवाय, नुसत्या औषधोपचारांवर वर्षाहून अधिक काळ ठीक राहिली. हा आकडा मी सांगते. त्यासोबत हेही सांगते की नळी आहे तशीच राहणार आहे.

८ एप्रिल

पारा चाळिशीला भिडला. आता खरी परीक्षा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं. धापा म्हणजे जोरात आणि भराभर हवा ओढणं, आणि मऊ पडलेली नळी नेमकी तेव्हाच दबते. हवा कमी जाते, अंग आणखी तापतं, आणखी धापा. निरोगी कुत्र्याला जो उन्हाळा त्रास देतो तो अशा कुत्र्याचा जीव घेऊ शकतो.

वेळापत्रक असं दिलंय. फिरणं सकाळी सूर्य वर यायच्या आत, संध्याकाळी रस्ता हाताला थंड लागल्यावर. दुपारी खालच्या मजल्यावर, फरशीवर, कुलरसमोर. सोलापूरची हवा एप्रिलमध्ये कोरडी असते म्हणून कुलर छान काम करतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कुत्रं ठेवायचं नाही. लाइट गेली तर ओला टॉवेल फरशीवर पसरून त्यावर बसवा. अंगावर पांघरला तर उष्णता आत कोंडते. पाण्याची भांडी दोन-तीन जागी, थोडं थोडं भरलेली, म्हणजे गटागटा पिऊन ठसका लागत नाही. नळाला पाणी रोज येत नाही हे खरं, तरी माठातलं त्याच्या वाटचं आधी काढून ठेवा.

हिरड्या किंवा जीभ निळसर, उभं राहता येत नाही, मान लांब करून कोपरं बाहेर काढून श्वास घेतंय: यातलं काहीही दिसलं तर पोट आणि पाय साध्या पाण्याने भिजवा, बर्फ नको, पंखा लावा, एसी किंवा काच उघडलेल्या गाडीतून निघा, निघण्याआधी फोन करा. उचलताना छातीखाली हात, गळ्याला स्पर्श नाही. घरातल्यांनी रडू-ओरडू नये, हे सांगायला जड जातं पण सांगते. तुमची घाबरगुंडी त्याच्या श्वासात उतरते.

२ मे

काल रात्री उशिरा एक अकरा वर्षांची पॉमेरियन आली, जीभ जांभळी. लग्नघर, मांडव, पाहुण्यांची ये-जा, ती दिवसभर भुंकत होती. ऑक्सिजन, शांत करणारं इंजेक्शन, स्टेरॉइडचा एक डोस, पोटाला ओलं फडकं, खोलीत अंधार. श्वासासाठी घशातून नळी घालायची वेळ येईल म्हणून सगळं मांडून ठेवलं होतं. पहाटेपर्यंत जीभ गुलाबी झाली. तिचं डोकं मांडीवर घेऊन नवरीचे वडील बसले होते, हळदीच्या कपड्यांतच.

फिल्ममध्ये छातीतली नळी जवळजवळ मिटलेली, शिवाय हृदय मोठं. पुढचे पर्याय त्यांच्यापुढे ठेवले. मानेतला भाग दबत असेल तर नळीला बाहेरून कृत्रिम कड्या बसवता येतात, पण त्याच जागेतून स्वरयंत्राच्या नसा जातात, त्या दुखावण्याचा धोका असतो. छातीतल्या भागासाठी आतून स्टेंट, म्हणजे निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या जाळीची नळी. माप अचूक लागतं, आणि बसवल्यावरही जाळी तुटू शकते, सरकू शकते, तिच्या टोकांशी मांस वाढू शकतं. खोकल्याचं औषध जन्मभर चालूच. गुदमरणाऱ्या कुत्र्याला स्टेंट श्वास मिळवून देतो, खोकला जाईलच असं नाही. तरुण कुत्रं असतं आणि औषधं थकली असती तर मी आग्रहाने पाठवलं असतं.

त्यांनी तिला पुण्याला न नेण्याचं ठरवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि तसं त्यांना सांगितलं. एवढ्या मोठ्या निर्णयाचं ओझं एकट्या घरावर टाकून डॉक्टरने गप्प राहू नये. हृदयाचं औषध सुरू केलं, आणि घरातली एक खोली तिची.

२४ मे

पट्ट्यांत दुरुस्ती. उन्हात काखेत लाल चट्टे येतायत. काकांनी छातीच्या पट्टीला आतून टर्किश टॉवेलचं अस्तर लावलं, टॉवेल राणीच्या घरचाच. दोन पट्टे, एक धुण्यात एक अंगात. घरात असताना काढून ठेवायचा. नवा पट्टा घातल्यावर काही कुत्री पुतळ्यासारखी उभी राहतात. त्यांना आधी घरात थोडा थोडा वेळ, खाऊ देत.

टायसन नऊ किलो सहाशे. जिना चढून आला आणि खोकला नाही. आजोबांनी स्वतः डब्याची गोष्ट मला उलट समजावून सांगितली.

घरोघरी दिलेल्या खोकल्याच्या पानांवरच्या नोंदी वाचताना एक गोष्ट दिसली: बऱ्याच घरांत खोकला पहाटे आणि मालक कामावरून परत आल्यावर. त्या स्वागताच्या वेळेसाठी नवा नियम दिला. दार उघडल्यावर कुत्र्याकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही, चपला काढून, हात धुऊन, ते शांत झाल्यावर खाली बसून जवळ घ्यायचं. हे सगळ्यांना फार जड जातंय, लहान मुलांना तर फारच.

१५ जून

पाऊस झाला. हवा दमट, कुलर आता उलट काम करतो. पंखा आणि उघडी खिडकी पुरे. दमट उकाड्यात धाप लवकर थांबत नाही, म्हणून उन्हाळा संपला म्हणून वेळापत्रक सोडू नका असा निरोप सगळ्या घरांना पाठवला.

लग्नघरातली पॉमेरियन गेल्या आठवड्यात गेली, झोपेत, हृदयाने. तिचा पट्टा त्यांनी धुऊन, इस्त्री करून आणून दिला, दुसऱ्या कुणाला होईल म्हणून. माप लहान आहे, एका यॉर्कशायरला बसेल.

राणीचं औषध निम्म्यावर आणलं, अजून टिकून आहे. चिंटूचा मास्क जमला. केनेल कफची लस राहिलेल्यांची यादी केली, बोर्डिंगमध्ये जाणारी कुत्री आधी. काकांना पाऊण इंची नवार आणखी मागवायला सांगितलं, आणि या वेळी पाठीवरची कडी पितळेची. लोखंडी पावसाळ्यात गंजून पांढऱ्या केसांवर डाग पडतात.